माणूस मोजून झाला, आता खेळ मोजा : जुगाराच्या संशोधनाला निधी आणि मंजुरी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

जुगारामुळे होणाऱ्या हानीवर आणि वर्तनाच्या व्यसनांवर कोणते संशोधन व्हावे, हे प्रत्यक्षात तुम्ही ठरवता. निधी तुमच्या हातात आहे आणि नैतिक मंजुरीचा शिक्काही तुमच्याच हातात आहे. ज्या प्रश्नांना मंजुरी मिळते तेच प्रश्न संशोधक पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणून हे पत्र संशोधकांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

आमची तक्रार एकच आहे. या क्षेत्रात खेळणारा माणूस उलटसुलट तपासून झाला, पण तो जे खेळतो ते त्या मानाने तपासलेच गेले नाही. त्याचा उतावळा स्वभाव, त्याचे नैराश्य, त्याच्या मेंदूतल्या हालचाली, त्याच्या चुकीच्या समजुती यांवर ढिगाने शोधनिबंध निघाले. एक फेरी किती सेकंदांची आहे, हरल्यावर पडद्यावर काय दिसते, मध्यरात्री खात्यात पैसे भरणे किती सोपे आणि तेच काढून घेणे किती किचकट, याकडे लक्ष फार थोड्यांनी दिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत झाली आहे.

मोजपट्टीपासून सुरुवात करू, कारण पहिली गफलत तिथेच होते.

१९८० मध्ये डीएसएम-३ या अमेरिकन निदानपुस्तिकेने बेफाम जुगाराला मानसिक विकाराचा दर्जा दिला. तेव्हा तो आवेगनियंत्रणाच्या विकारांत गणला जाई. २०१३ च्या डीएसएम-५ ने त्याला तिथून उचलून दारू आणि इतर अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवले. एकूण नऊ निकष आणि बारा महिन्यांत त्यांतले किमान चार लागू व्हायला हवेत. पैशांसाठी गुन्हा केल्याचा जुना निकष गाळला गेला. जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातही जुगाराचा विकार व्यसनांच्याच गटात आहे. समोर बसलेल्या माणसाला उपचार द्यायचे की नाही, हे ठरवायला असे निकष लागतातच, त्यावर आमचे काही म्हणणे नाही. अडचण सुरू होते ती निदानाची पट्टी घेऊन आख्ख्या समाजातली हानी मोजायला निघाल्यावर.

तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांत 'प्रॉब्लेम गॅम्बलिंग सिव्हेरिटी इंडेक्स', म्हणजे पीजीएसआय, असते. कॅनडात २००१ मध्ये तयार झालेली ही नऊ प्रश्नांची चाचणी आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण मिळतात आणि बेरीज २७ पर्यंत जाते. ० म्हणजे अडचण नाही, १ ते २ कमी जोखीम, ३ ते ७ मध्यम जोखीम आणि ८ किंवा अधिक म्हणजे समस्याग्रस्त. अहवालात शेवटी एकच आकडा उरतो तो ८ किंवा अधिक गुणांचे किती टक्के याचा, आणि त्यावरून 'समस्या फार छोट्या गटापुरती आहे' असा निष्कर्ष काढला जातो.

ही चाचणी कुठे फसते ते जवळून पाहा. एखाद्याने चौदा महिन्यांपूर्वी खेळणे कायमचे सोडले आहे. त्याच्या डोक्यावर अजून सात वर्षांचे हप्ते आहेत, घर विकले गेले आहे, भावाशी बोलणे बंद आहे. पाहणी करणारा विचारतो, 'गेल्या बारा महिन्यांत पैसे लावून काही खेळलात का?' तो खरे उत्तर देतो, 'नाही.' बहुतेक पाहण्यांत यानंतर पुढचे नऊ प्रश्न विचारलेच जात नाहीत, आणि त्याची नोंद निर्धोक गटात होते. त्याची बायको वेगळ्या घरातून त्याच पाहणीत आली, तर तिचीही नोंद तशीच होते, कारण ती कधीच खेळलेली नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की एका समस्याग्रस्त जुगाऱ्यामागे सरासरी सहा माणसे पोळतात. ही सहाही माणसे या पट्टीवर शून्य असतात.

म्हणून पहिली मागणी अशी, की लोकसंख्येच्या पाहणीला पैसा देताना निदानाच्या चाचणीसोबत हानीची वेगळी प्रश्नमाला असल्याशिवाय मंजुरी देऊ नका. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हानीचे सात कप्पे मांडले : पैसा, नातेसंबंध, मनःस्थिती, शरीराचे आरोग्य, काम किंवा शिक्षण, सांस्कृतिक हानी आणि गुन्हा. प्रत्येक कप्प्यात 'आता चालू असलेली' आणि 'मागे घडून अजून भोगावी लागणारी' अशा दोन नोंदी घ्या. न खेळणाऱ्यांनाही विचारा. एवढ्याने प्रश्नावली काही मिनिटांनी लांबेल, पण आज जे अदृश्य आहे ते दिसू लागेल.

याच सुमारास व्हिक्टोरिया राज्यातल्या एका अभ्यासाने दाखवले, की हानीची एकूण बेरीज केली तर तिचा मोठा भाग ८ च्या खालच्या गटांत पडतो. तिथे प्रत्येकाची हानी कमी असते, पण माणसे पुष्कळ असतात. यावर टीका झाली आणि त्या टीकेत तथ्य आहे. 'करमणुकीवर खर्च कमी करावा लागला' आणि 'दिवाळे निघाले' या दोन गोष्टी एकाच वजनाच्या धरल्या, तर बेरजेला अर्थ राहत नाही. पण म्हणून वरच्या गटापुरते पाहायला परत जाणे हा उपाय नव्हे. प्रत्येक हानीची तीव्रता, ती किती काळ टिकली आणि ती भरून निघू शकते का, या तीन गोष्टी नोंदवून घ्या. आणि अहवालात ८ च्या रेषेवर माणसे दोन बाजूंना न लोटता गुणांची सगळी विभागणी छापायला लावा.

आता खर्चाचा प्रश्न. जवळपास प्रत्येक अर्जात 'महिन्याला जुगारावर किती खर्च करता?' असे एक वाक्य असते आणि ते साफ निकामी आहे. समजा, एखादा १,००० घेऊन बसला. मधे जिंकत-हरत, जिंकलेले पुन्हा लावत त्याने रात्रभरात एकूण ६,००० च्या पैजा लावल्या आणि उठताना त्याच्या हातात ४०० उरले. त्याचा खर्च किती? कोणी ६,००० सांगेल, कोणी १,०००, कोणी ६००. मध्ये एकदा मोठा डाव लागला असेल तर 'मी फायद्यात आहे' असेही उत्तर येईल. कॅनडातल्या एका अभ्यासाने २००७ मध्ये याच प्रश्नाची वेगवेगळी शब्दरचना करून पाहिली तेव्हा उत्तरे कुठल्या कुठे गेली. त्यामुळे प्रश्न तोडून विचारावा लागतो : किती आणले किंवा खात्यात भरले, किती काढून घेतले आणि आता किती शिल्लक आहे. वजाबाकी संशोधकाने करावी, उत्तर देणाऱ्यावर सोडू नये. खेळाच्या प्रत्येक प्रकारासाठी आणि आठवणीच्या आवाक्यातल्या अवधीसाठी हे वेगळे विचारावे. उपचारांच्या अभ्यासात तारखेनिशी मागे जात नोंद भरून घेणारी 'टाइमलाइन फॉलोबॅक' पद्धत आहे. ती वेळखाऊ आहे, तरी वापरायला लावा.

पाहणी कोणत्या वाटेने झाली यावरही आकडा फिरतो. ब्रिटनच्या नव्या पाहणीने २०२४ मध्ये पीजीएसआयवर ८ किंवा अधिक गुण असलेले प्रौढ २.५ टक्के दाखवले. त्याआधी इंग्लंडच्या आरोग्य पाहणीत हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत होते. लोक एवढ्यात पाचपट बिघडले असे कोणीही समजू नये. नव्या पाहणीच्या निमंत्रणातच जुगाराचा उल्लेख आहे, म्हणून ज्यांचा या विषयाशी संबंध आहे ते अधिक उत्साहाने उत्तर देतात. उलट घरी येऊन होणाऱ्या आरोग्य पाहणीत शेजारच्या खोलीत घरचे माणूस असते, तेव्हा कर्जाविषयी खरे लिहिणे अवघड जाते. एक वाट आकडा फुगवते आणि दुसरी दाबते. अशा ठिकाणी कोणता आकडा 'खरा' यावर वाद घालण्यापेक्षा एकाच नमुन्याचे चार भाग करून, निमंत्रणाचा मजकूर आणि पद्धत बदलून फरक मोजणाऱ्या अभ्यासाला पैसा द्या. हे काम कंटाळवाणे असते, त्याला कौतुक मिळत नाही, आणि म्हणूनच ते तुमच्या निधीवाचून होत नाही.

यापुढचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे खुद्द खेळाचा.

अनेक ओळींच्या स्लॉट यंत्राची, म्हणजे पैसे टाकून चित्रांची चाके फिरवणाऱ्या जुगाराच्या यंत्राची, एक फेरी घ्या. वीस ओळींवर प्रत्येकी एक क्रेडिट, म्हणजे एका फेरीला वीस क्रेडिट लागले. चाके थांबली, एका ओळीवर चिन्हे जुळली आणि आठ क्रेडिट मिळाली. दिवे लुकलुकतात, जिंकल्याचे संगीत वाजते, पडद्यावर ८ हा आकडा मोठा होत जातो. खेळणारा प्रत्यक्षात बारा क्रेडिट हरला आहे. संशोधनात याला जिंकण्याचा वेष घेतलेली हार म्हणतात. वॉटर्लू विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये खेळणाऱ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली तेव्हा अशा हारीला शरीराने दिलेला प्रतिसाद खऱ्या विजयासारखाच निघाला. नंतर खेळणाऱ्यांना विचारले की किती वेळा जिंकलात, तर ते या हारीही विजयात धरतात. त्यापुढचा प्रयोग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. अशा फेरीला जिंकल्याच्या संगीताऐवजी हरल्याचा आवाज जोडला, तेव्हा तोच अंदाज बराच ताळ्यावर आला. खेळणाऱ्याचा स्वभाव, त्याचे बालपण, त्याचा मेंदू यांतले काहीही बदलले नव्हते, आवाज तेवढा बदलला होता. असे प्रयोग तुमच्या यादीत किती आहेत ते एकदा मोजून पाहा.

वेगाचेही तसेच. 'या खेळात ९५ टक्के परतावा मिळतो' असे वाक्य वाचून बहुतेकांना वाटते, की १०० घेऊन बसलो तर ९५ घेऊन उठू. हा परतावा प्रत्येक पैजेवर मोजला जातो, आणलेल्या रकमेवर नव्हे. दर फेरीला १ लावला आणि फेरी ३ सेकंदांची असली, तर तासाला १,२०० फेऱ्या होतात, म्हणजे १,२०० च्या पैजा लागतात आणि त्याचे ५ टक्के, म्हणजे सरासरी ६० जातात. फेरी ६ सेकंदांची केली तर तोच तास ३० ला पडतो. शक्यता तीच, परतावा तोच, नुकसान निम्मे. म्हणूनच ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटची फेरी किमान अडीच सेकंदांची असावी असा नियम केला. 'परतावा ९५ टक्के' याऐवजी 'लावलेल्या प्रत्येक रकमेतले ५ टक्के खेळ ठेवून घेतो' असे लिहिले तर लोकांना ते जास्त नीट समजते, हेही प्रयोगांत दिसले आहे. वेग, पैजेची कमाल मर्यादा, सलग खेळण्याची सोय, चालू सामन्यातल्या पुढच्या चेंडूवर किंवा गुणावर लावायच्या चिमुकल्या पैजा, काढायला घातलेले पैसे रद्द करून पुन्हा खेळात आणण्याचे बटण, यांतली प्रत्येक गोष्ट एकेक करून बदलता येते आणि तिचा परिणाम मोजता येतो.

प्रयोगशाळेच्या कामाला मंजुरी देताना मात्र सावध राहा. 'थोडक्यात हुकलेला डाव' हा या क्षेत्रातला लाडका विषय आहे. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले, की हुकलेल्या डावाने मेंदूतले विजयाशी जोडलेले भाग जागे होतात आणि पुढे खेळण्याची इच्छाही वाढू शकते. ते काम चांगले आहे. पण त्यामुळे माणूस प्रत्यक्षात जास्त वेळ खेळतो का, हे तपासणारे प्रयोग एकसारखे उत्तर देत नाहीत, आणि २०२० च्या एका सविस्तर आढाव्यानेही या परिणामाविषयी शंका घेतली आहे. तरीही पाठ्यपुस्तकांत तो सिद्ध झाल्यासारखा लिहिला जातो. खोट्या पैशांवर, वीस मिनिटे, अभ्यासक्रमाचे गुण मिळवायला आलेल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग कर्जात बुडालेल्या माणसाविषयी फारसे काही सांगत नाही. १९९४ पासून वापरात असलेली 'आयोवा गॅम्बलिंग टास्क' ही पत्त्यांची चाचणी घ्या. चार गड्ड्या, बहुधा शंभर पाने, दोन गड्ड्या तोट्याच्या आणि दोन फायद्याच्या. गटांची तुलना करायला ती उपयोगी पडली असेल, पण त्याच माणसाला काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर तोच गुण येतो का, हे विचारल्याशिवाय तिच्यावरून कोणाला 'धोक्यातला' ठरवणारा अर्ज मंजूर करू नका. गृहीतक, नमुन्याचा आकार आणि विश्लेषण आधी नोंदवून ठेवण्याची अट घाला. निकाल नकारात्मक आला तरी छापण्याचे लेखी वचन घ्या.

विदा, म्हणजे डेटा, कुठून आणायची? ऑनलाइन खेळात प्रत्येक टिचकीची नोंद होते. संशोधकांच्या हातात मात्र बहुधा महिन्याची बेरीज पडते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. मागायला हव्यात त्या नोंदी अशा : प्रत्येक पैजेची वेळ सेकंदासह, रक्कम, परतावा, खेळाचा आणि त्याच्या आवृत्तीचा क्रमांक, पैज स्वतःच्या पैशांची होती की बोनसची, खात्यात भरणा, फसलेला भरणा, काढण्याची विनंती आणि ती रद्द केल्याची वेळ, मर्यादा कधी घातली आणि कधी वाढवली, आणि कंपनीने त्या ग्राहकाला कोणता जाहिरात-संदेश कधी पाठवला. फसलेला भरणा आणि रद्द केलेली विनंती या दोन ओळी हमखास गाळल्या जातात. मध्यरात्रीनंतर तासाभरात चार वेळा कार्ड नाकारले गेले, ही गोष्ट कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा अधिक बोलते.

तरीही एका कंपनीचे खाते म्हणजे पूर्ण माणूस नव्हे. मर्यादा घालणे, खाते स्वतःहून बंद करणे, सावधगिरीचा संदेश दाखवणे या उपायांचे मूल्यमापन एकाच संकेतस्थळाच्या विदेवर होते तेव्हा तिथला खेळ थांबला की 'यश' नोंदवले जाते. माणूस त्याच रात्री दुसरीकडे खाते उघडून बसलेला असतो. यावर बँकेची नोंद हा उतारा आहे. २०२१ मध्ये एका मोठ्या ब्रिटिश बँकेच्या सुमारे ६५ लाख ग्राहकांच्या निनावी व्यवहारांवर झालेला अभ्यास तुम्हाला ठाऊक असेल. उत्पन्नाच्या मानाने जुगारावरचा खर्च वाढत जातो तसे थकलेले हप्ते, ओढाताण, बेरोजगारी यांचे प्रमाणही वाढत गेलेले दिसले, आणि सर्वाधिक खर्च करणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त आढळला. हा संबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेले नाही, आणि तो फरक संशोधकांनीही जपला आहे. कार्यकारण कळण्यासाठी नियम बदलतो ती घडी पकडावी लागते. नॉर्वेने २००६ मध्ये स्लॉट यंत्रांना नोटा घेण्याची बंदी केली, जुलै २००७ मध्ये यंत्रेच काढली, आणि पुढे नोंदणीचे कार्ड आणि खर्चाची मर्यादा असलेली वेगळी यंत्रे आणली. अशा वेळी आधीची मोजणी हातात असावी लागते. नियम बदलल्यावर निधी मंजूर झाला तर 'आधी'चा आकडा कायमचा हुकतो. थोडा निधी राखून ठेवा आणि तो आठवड्यांत मंजूर होईल अशी सोय करा.

उपायांच्या चाचण्यांबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. संदेश किती जणांनी पाहिला, किती जणांना आठवला, किती जणांना 'उपयुक्त' वाटला, ही मोजमापे स्वीकारणे बंद करा. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे झळकलेल्या सावधगिरीच्या एका घोषवाक्यात मौज या अर्थाचा शब्द बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा छापलेला होता. त्या संदेशाने पैजा कमी झाल्याचा विश्वासार्ह पुरावा स्वतंत्र प्रयोगांत मिळाला नाही. दुसऱ्या एका अभ्यासात सलग हजार फेऱ्यांनंतर पडद्यावर थांबण्याची सूचना येई. ती पाहून थांबणारे टक्काभराच्या आसपास निघाले. हजार फेऱ्या होईपर्यंत गप्प बसून मग सूचना देणे हा उपाय म्हणून तपासावासा का वाटला, हा प्रश्न अर्जाच्या पायरीवरच विचारला जायला हवा. मुख्य निष्पत्ती एकच धरा : सर्व ठिकाणी मिळून निव्वळ तोटा, किमान बारा महिने.

मानसोपचारांच्या चाचण्यांतही असेच कच्चे दुवे आहेत. माणूस मदतीला येतो तो बहुधा सगळ्यात वाईट टप्प्यावर, त्यामुळे काहीही न करता पुढच्या काही आठवड्यांत आकडे थोडे सुधारतातच. तुलनेचा गट नसेल तर ही आपोआप झालेली सुधारणा उपचाराच्या खात्यावर जमा होते. जे मधेच सोडून जातात त्यांत पुन्हा खेळू लागलेले जास्त असतात, आणि त्यांना वगळून केलेली सरासरी गोड दिसते. उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने बोधात्मक वर्तन उपचारांचा (सीबीटी) अल्पकालीन फायदा मान्य केला, पण तो टिकतो का याविषयी पुरावा तोकडा असल्याचे बजावले. त्यामुळे तीन महिन्यांत गुंडाळणाऱ्या आणखी एका छोट्या चाचणीपेक्षा दोन वर्षे पाठपुरावा करणारी एकच चाचणी बरी.

वर्तनाच्या व्यसनांच्या नावाखाली येणाऱ्या नव्या प्रश्नावल्या हा स्वतंत्र त्रास आहे. पद्धत ठरलेली असते. मन व्यापणे, मनःस्थिती बदलणे, सहनशक्ती वाढणे, सोडताना त्रास, संघर्ष, पुन्हा वळणे हे सहा घटक घ्यायचे, जुन्या प्रश्नातला शब्द काढून तिथे नवी सवय घालायची, शे-दोनशे लोकांकडून भरून घ्यायचे आणि नवे व्यसन जाहीर करायचे. काही संशोधकांनी हीच कृती वापरून मित्रांशी प्रत्यक्ष भेटण्याच्या 'व्यसनाची' प्रश्नावली बनवली, तर ६९ टक्के लोक व्यसनी ठरले. ही पद्धत किती पोकळ आहे हे दाखवण्यासाठीच त्यांनी ते केले होते. जुगाराच्या बाबतीत व्यसन म्हणण्याला वेगवेगळ्या दिशांचा आधार आहे. पार्किन्सन म्हणजे कंपवातावरच्या, मेंदूतल्या डोपामाइन या रसायनासारखे काम करणाऱ्या औषधांनी, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोलने, आधी कधीही न खेळलेल्या रुग्णांतही जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते, आणि औषध कमी केल्यावर ती बहुधा ओसरते. असा आधार प्रत्येक आवडीला मिळत नाही. नव्या व्यसनाच्या अर्जाला दोनच प्रश्न विचारा : रोजच्या जगण्यात ठळक बिघाड कसा मोजणार, आणि निव्वळ भरपूर आवड असलेला माणूस यात अडकू नये म्हणून काय केले आहे? समाधान झाले नाही तर तो पैसा व्हिडिओ गेममधल्या लूट बॉक्सच्या, म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्यांच्या, खरेदीनोंदींकडे वळवा. तिथे खरा पैसा आहे, नशिबाचा भाग आहे, मुलेही आहेत. समस्याग्रस्त जुगाराशी असलेला त्यांचा संबंध २०१८ पासून वारंवार आढळला आहे. आधी काय आणि नंतर काय, हे सांगणारी दीर्घकालीन विदा मात्र अपुरी आहे.

नैतिकता समित्यांना काही थेट सूचना. जुगाराच्या पाहणीत भाग घेतल्याबद्दल सोडतीत बक्षीस ठेवू नका. हे आजही सर्रास होते आणि ज्यांना आपण तपासतो त्यांच्यापुढे पुन्हा नशिबाचा खेळ मांडला जातो. मोबदला ठरावीक असावा आणि लगेच खेळात लावता येणार नाही अशा रूपात द्यावा. ज्यांनी स्वतःहून खेळातून नाव काढून घेतले आहे त्यांना यंत्राची चित्रे, आवाज किंवा बोनसच्या जाहिराती दाखवण्याआधी वेगळी संमती घ्या. प्रयोगानंतर फेऱ्यांचे निकाल आधीच ठरवलेले होते का, हे सहभागी माणसाला उघड सांगा, नाहीतर 'आज माझे नशीब चालले' ही समजूत तुमच्या प्रयोगशाळेतून घेऊन तो बाहेर पडेल. आणि आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न असेल तर उत्तर 'होय' आल्यावर कोण, किती वेळात, कसा संपर्क साधणार हे नावानिशी लिहून घ्या. स्वीडनच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात जुगाराच्या विकाराचे निदान झालेल्यांत आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे पंधरापट आढळले. ही माणसे मुळातच गंभीर अवस्थेत उपचारांपर्यंत पोचलेली होती, हे धरूनही तो आकडा बाजूला सारता येत नाही. प्रश्नावलीच्या शेवटी मदतवाहिनीचा क्रमांक छापणे म्हणजे व्यवस्था झाली असे कृपा करून समजू नका. रात्री एकला ऑनलाइन उत्तरे भरणाऱ्या माणसापर्यंत सकाळी अकराला पोचणारा फोन उशिराचा असतो.

उद्योगाच्या पैशाबद्दल शेवटचे. हितसंबंध जाहीर केला की विषय मिटला, असे धरले जाते. निष्कर्ष विकत घेतले जातात असा आमचा सरसकट आरोप नाही. पण कंपनीच्या पैशातून 'जबाबदारीने खेळण्या'वर, म्हणजे खेळणाऱ्याच्या वागण्यावर, अभ्यास सहज होतो. फेरीचा वेग दुप्पट केला तर काय होते, यावर होत नाही. प्रश्न निवडतानाच पारडे झुकते. म्हणून अर्जात चार गोष्टी लेखी मागा : प्रश्न कोणी सुचवला, विदा कोणाच्या ताब्यात राहील, प्रसिद्धीआधी मजकूर कोण वाचेल आणि कोणाला तो अडवता येईल. शेवटच्या उत्तरात संशोधकाखेरीज कोणाचेही नाव असेल तर अर्ज परत पाठवा. विदा मिळवण्यासाठी प्रत्येक संशोधकाला कंपनीच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून परवान्याच्या अटीतच ती स्वतंत्र संस्थेकडे जमा करण्याचे कलम यावे, यासाठी नियामकांकडे तुमचा आग्रह लागेल. आमच्या एकट्या सह्यांना तिथे वजन नाही.

निधीच्या पुढच्या फेरीचा अर्ज छापायच्या आधी त्यात एक पान वाढवा. त्यावर खेळाचा प्रकार, फेरीचा वेग, पैजेची मर्यादा, हानीची मोजणी कोणाकोणाची होणार, निव्वळ तोटा कोणत्या नोंदींतून काढणार, पाठपुरावा किती महिन्यांचा आणि संकटात सापडलेल्या सहभागी माणसाची जबाबदारी कोणाची, एवढे रकाने असावेत. ते पान छापण्याआधी जुगारातून बाहेर पडलेल्या आणि त्यांच्या घरच्या माणसांना वाचायला द्या, त्यांच्या वेळेचे रीतसर मानधन द्या, आणि त्यांनी सुचवलेला एखादा रकाना गाळला तर का गाळला ते त्यांना लेखी कळवा.

आपले,
जुगारजन्य हानीवर काम करणारे काही मानसशास्त्रज्ञ, उपचारक आणि सांख्यिकीतज्ज्ञ